भल्या माणसांचं काय करायचं?

फेब्रुवारीतला थंड दिवस कलत आलाय. केंटकीतल्या एका सुखवस्तू घरात दोन गृहस्थ मद्याचे पेले समोर ठेवून बोलत बसलेत. एक घरमालक शेल्बी, दुसरा गुलामांचा व्यापारी हेली. शेल्बीला कर्ज झालंय, त्याचे कागद हेलीच्या हातात पडलेत, आणि ते सोडवण्यासाठी शेल्बी आपला सर्वांत भरवशाचा गुलाम टॉम विकायला तयार झालाय. हेलीचं तेवढ्यावर समाधान होत नाही. खोलीत नाचत-बागडत आलेला, घरातल्याच एका गुलाम बाईचा छोटा मुलगा हॅरी त्याच्या नजरेत भरतो आणि तोही सौद्यात जातो. हॅरिएट बीचर स्टो यांची १८५२ची ‘अंकल टॉम्स केबिन’ इथे सुरू होते. या पहिल्याच प्रकरणाला स्टोबाईंनी जे शीर्षक दिलंय त्याचा आशय असा, की इथे वाचकाची एका माणुसकीच्या माणसाशी ओळख होते.

शेल्बी तसा आहेही. तो गुलामांना मारझोड करत नाही, पोटभर खायला घालतो, टॉमला मोकळं करायचं वचन त्याने पूर्वी दिलेलं आहे. टॉमला न्यायला गाडी येते त्या दिवशी तो मुद्दाम कामाचं निमित्त काढून बाहेरगावी जातो, कारण ते दृश्य त्याला बघवणार नाही. मी ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा इथेच थबकले. बघवत नाही म्हणून निघून जाणारा हा माणूस मला शेवटापर्यंत छळत राहिला.

लोकांच्या लक्षात राहतो तो सायमन लेग्री, चाबूक उगारणारा. इंग्रजीत जुलमी मालकाला आजही त्याच्या नावाने ओळखतात. पण लेग्री येतो तो कादंबरीच्या शेवटच्या भागात. तोवर टॉम दोन भल्या मालकांच्या हातून गेलेला असतो. दुसरा, न्यू ऑर्लिन्सचा सेंट क्लेअर, तर शेल्बीपेक्षाही समजदार. गुलामगिरी हे पाप आहे हे तो स्वतःच्या तोंडाने, उत्तम भाषेत, पानंच्या पानं सांगतो. टॉमला मुक्त करण्याचे कागद करायला त्याने सुरुवातही केलेली असते. एका संध्याकाळी कॅफेत दोघांचं भांडण सोडवायला जातो आणि सुरा लागून मरतो. कागद अर्धवट राहतात. बायको सगळ्यांना लिलावात काढते. लेग्रीपर्यंत टॉमला पोचवलं ते या दोघांनी, आणि दोघांच्याही मनात त्याच्याविषयी माया होती.

अमेरिकेतल्या जुन्या सामाजिक कादंबऱ्या मी बरीच वर्षं वाचते आहे. भूक, बेघरपण, अपमान, मरण हे सगळं त्यांत आहेच, आणि त्यावर लिहिणारे खूप आहेत. मला मात्र त्यांत दर वेळी हा भला माणूस सापडतो. खलनायकाला शिव्या देऊन वाचक मोकळा होतो, भल्या माणसाशी मात्र त्याला काय करावं ते उमजत नाही.

शिकागोच्या कत्तलखान्यांत सात आठवडे काढून अप्टन सिंक्लेअरने ‘द जंगल’ लिहिली. १९०४च्या शरदात तो तिथे गेला, ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकात ती क्रमशः आली आणि १९०६ मध्ये पुस्तक निघालं. लिथुएनियाहून आलेला युर्गिस रुडकुस, त्याची ओना, तिची सावत्र आई, पोरंबाळं. धडधाकट युर्गिसचं प्रत्येक संकटावर एकच उत्तर असतं, ‘मी आणखी काम करीन.’ या कादंबरीतलं मांस, उंदीर आणि सॉसेज सगळ्यांना ठाऊक असतं, पण माझ्या मनात घर करून राहिला तो त्यांच्या घराचा व्यवहार. किंमत १५०० डॉलर, ३०० आधी, मग दरमहा १२. करारात ‘भाडं’ असा शब्द दिसतो म्हणून ही माणसं घाबरतात, वकिलाला दाखवतात. वकील सांगतो, सगळं रीतसर आहे. खरंच रीतसर असतं! पुढे शेजारची म्हातारी समजावते की व्याज वेगळं, हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसे बुडाले, आणि हेच ‘नवं कोरं’ घर कंपनीने याआधी एकामागून एक कितीतरी कुटुंबांना असंच विकलंय. युर्गिस तुरुंगातून सुटून येतो तेव्हा घराला नवा रंग चढलेला असतो आणि आत परकी माणसं राहत असतात.

या कादंबरीतही दयाळूपणा आहे, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. बायको बाळंतपणात गेलेली, पोरगा रस्त्यावरच्या पाण्यात बुडून मेलेला, अशा अवस्थेत हिवाळ्यात भीक मागणाऱ्या युर्गिसला एक झिंगलेला तरुण भेटतो. कत्तलखान्याच्या मालकाचा हा मुलगा. मनाने अगदी साधा. तो युर्गिसला हवेलीत नेऊन जेवू घालतो आणि हातावर शंभर डॉलरची नोट ठेवतो. युर्गिस ती मोडायला दारूच्या गुत्त्यात जातो, तर गुत्तेवाला त्याला एका डॉलरची मोड परत देतो. फाटक्या माणसाकडे शंभरची नोट होती हे कोण मानणार? भांडण होतं आणि पुन्हा तुरुंग युर्गिसलाच. तरुणाच्या दयेत काही खोट नव्हती. फक्त त्या नोटेचा उपयोग करण्यासाठी जी पत लागते ती युर्गिसपाशी नव्हती, आणि ती त्याच्याकडून या तरुणाच्या बापासारख्यांनीच काढून घेतली होती.

सिंक्लेअरने पुढे म्हटलं की मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून तो पोटात लागला. ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा आणि अन्न-औषध शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. देशाच्या ताटातलं मांस सुधारलं. ते कापणाऱ्यांच्या मजुरीबद्दल त्या कायद्यांत काही नव्हतं.

जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ १९३९ची. ओक्लाहोमात सलग दुष्काळ, धुळीची वादळं, कापसाने निःसत्त्व झालेली जमीन, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारी कुळं देशोधडीला. त्यांतलंच जोड आडनावाचं एक कुटुंब एका जुनाट गाडीचा ट्रक करून ६६ नंबरच्या रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघतं. आजोबा वाटेत जातात. आजी वाळवंट ओलांडताना जाते, आणि तपासणीवाल्यांनी गाडी अडवू नये म्हणून आई रात्रभर त्या प्रेताशेजारी पडून राहते.

या कादंबरीचं पाचवं प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल! जमीनमालकांची माणसं बंद मोटारींतून येतात आणि खिडकीतूनच बोलतात. कुळं उकिडवी बसून काडीने धुळीत रेघोट्या ओढत ऐकतात. स्टाइनबेक आधीच सांगून टाकतो की आलेल्यांपैकी काहीजण मायाळू होते, कारण आपल्याला जे करावं लागतंय त्याचा त्यांना तिटकारा होता. सगळे म्हणतात, आमच्या हातात नाही, बँकेचं आहे. बँक म्हणजे माणसं नव्हेत, माणसांहून मोठं काहीतरी आहे. मग ट्रॅक्टर येतो. चालवणारा कोण, तर ओळखीतल्याच एका शेतकऱ्याचा पोरगा, रोज तीन डॉलरवर. कूळ त्याला म्हणतं, तुझ्या या तीन डॉलरपायी पंधरा-वीस घरं उपाशी. तो म्हणतो, मला माझी पोरं आहेत. कूळ बंदुकीची भाषा करतं तर हा सांगतो, मला मारशील तर दुसरा येईल. मॅनेजरला? त्याला बँकेचा हुकूम. बँकेच्या अध्यक्षाला? त्याला पूर्वेकडून हुकूम. मग गोळी घालायची तरी कोणाला? पोरगा म्हणतो, कोण जाणे, कदाचित गोळी घालायला कोणी नसेलच.

माझे वडील बँकेत होते. तालुक्याच्या गावी, वसुलीला. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दुष्काळाच्या वर्षी संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणसं येऊन बसायची, धोतराचा सोगा हातात धरून. कोणी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणलेल्या असत, नाना त्या परत न्यायला लावत. आई चहा टाकायची. ‘साहेब, एवढा हंगाम थांबा,’ असं कोणीतरी म्हणे, आणि नाना खाली बघून म्हणत, ‘वरून आलंय. माझ्या हातात असतं तर...’ ते वाक्य त्यांनी कधी पुरं केलेलं मला आठवत नाही. जप्तीची नोटीस बजावून आले की त्या रात्री ते जेवत नसत. पोरांवर ओरडत नसत, कुणाला उलट बोलत नसत, आणि नोटीस मात्र बजावलेली असे.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना हे पाचवं प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘त्या ट्रॅक्टरवाल्याला रोज किती म्हणालीस?’ मी म्हटलं, तीन डॉलर. ‘पोरं आहेत ना त्याला,’ ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले. नानांबद्दल माझ्या मनात जे आहे ते मी इथे सोडवू शकत नाही, आणि तसं करायची इच्छाही नाही. ते भले होते. त्यांच्या भलेपणाने त्या ओसरीवरच्या माणसांची जमीन वाचली नाही. दोन्ही खरं आहे.

स्टाइनबेकला हे ठाऊक होतं म्हणून तो भलेपणाची छोटी दृश्यं इतक्या जपून लिहितो. हूपरच्या फळबागेत पीच तोडायला जोड मंडळी जातात. पेटीला पाच सेंट. संप फोडायला आपल्याला आणलंय हे त्यांना माहीत नसतं, आणि संप मोडला की तेच अडीच सेंट होणार असतात. दिवसभर राबून सगळ्या घरादाराने मिळवलेला एक डॉलर घेऊन आई बागेच्याच दुकानात जाते, जिथे सगळं गावापेक्षा महाग. साखरेला दहा सेंट कमी पडतात. दुकानातला नोकर आधी तिची टर उडवतो, मग ओशाळतो, आणि स्वतःच्या खिशातले दहा सेंट काढून गल्ल्यात टाकतो. आई म्हणते, अडलं-नडलं तर गरिबाकडे जावं, तेवढेच मदत करतात. वाचकाचे डोळे भरतात. पण बघा, ते दहा सेंट गेले कुठे? मालकाच्याच गल्ल्यात.

पाच सेंटचे अडीच कसे होतात याचं गणितही कादंबरीतला एक फाटका माणूस सांगतो. मालकाला हवेत ८०० मजूर, तो छापतो ५००० पत्रकं. हजारो येतात. पोरं भुकेली असलेला माणूस कमीत कमी पैशांत तयार होतो. यात कोणाला क्रूर व्हावंच लागत नाही. छापखाना लागतो फक्त.

कॅलिफोर्नियातल्या कर्न परगण्याच्या कारभाऱ्यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये ही कादंबरी आपल्या शाळा-ग्रंथालयांतून हद्दपार केली. ग्रेचेन नीफ या तिथल्या ग्रंथपाल बाईंनी नोकरीची पर्वा न करता लेखी विरोध केला. बंदी १९४१ पर्यंत टिकली.

आणि मग रिचर्ड राईट. मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत आलेला काळा लेखक. १९३८ मध्ये त्याचा ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ हा कथासंग्रह आला, नावातच स्टोबाईंशी हिशेब मांडलेला. परीक्षणं चांगली आली. ती वाचून राईट अस्वस्थ झाला. त्याने लिहून ठेवलंय की बँकवाल्यांच्या मुलींनी वाचावं, रडावं आणि बरं वाटून घ्यावं असं पुस्तक मी लिहून बसलो. त्याने शपथ घेतली की पुढचं पुस्तक इतकं कठीण असेल की अश्रूंचा दिलासा कुणाला मिळणार नाही. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. बँकवाल्याची मुलगी मी होतेच, आणि या कादंबऱ्यांवर रडलेही होते.

ते पुढचं पुस्तक म्हणजे १९४०ची ‘नेटिव्ह सन’. दक्षिण शिकागोतल्या एका खोलीत आई, बहीण, भाऊ आणि वीस वर्षांचा बिगर थॉमस. सकाळ उजाडते ती घरात शिरलेल्या उंदराला मारण्याने. बिगरला डाल्टन नावाच्या धनिकाकडे ड्रायव्हरची नोकरी लागते. पहिल्याच रात्री डाल्टनची मुलगी मेरी त्याच्या हातून मरते, तिच्या खोलीत पकडलं जाण्याच्या भीतीने. पुढे तो स्वतःच्या मैत्रिणीला, बेसीला, ठरवून मारतो. त्याच्यावर माया करायला राईट जागाच ठेवत नाही. बेसीचं प्रेत कोर्टात आणतात तेही मेरीच्या खुनाचा पुरावा बळकट करायला. राबून राबून थकलेल्या त्या काळ्या मुलीसाठी स्वतंत्र न्याय कोणी मागत नाही.

डाल्टन हा माझ्या मते अमेरिकन कादंबरीतला सर्वांत भयंकर भला माणूस. काळ्यांच्या शिक्षणाला त्याने लाखो डॉलर दिलेत, त्यांच्या पोरांच्या मंडळाला पिंगपाँगची टेबलं दिलीत. चौकशीत बिगरचा वकील मॅक्स त्याला विचारत जातो. थॉमस कुटुंब राहतं ती इमारत कोणाची? एका कंपनीची. त्या कंपनीत मोठा हिस्सा कोणाचा? डाल्टनचा. भाडं किती? त्या एका खोलीला आठवड्याला आठ डॉलर. तशाच घराला गोऱ्यांपेक्षा काळ्यांकडून जास्त का? दर मी ठरवत नाही, मागणी-पुरवठ्याने ठरतात. मग त्यांना दुसऱ्या वस्तीत घर का देत नाही? तशी पद्धत नाही. भाडं कमी का करत नाही? इतर मालकांवर तो अन्याय होईल. डाल्टन एकही शब्द खोटा बोलत नाही, आवाज चढवत नाही, आणि त्याची मुलगी मेलेली आहे. त्याचं दुःख अस्सल आहे. राईट त्याच्यावर थुंकत नाही. उंदराची खोली आणि पिंगपाँगचं टेबल एकाच माणसाच्या हिशेबवहीत आहे, एवढं तो दाखवून देतो.

राईटची ही कठोरता आपल्याकडच्या काही जणांना फार जवळची वाटली. म. ना. वानखेडे यांच्यासारखे अमेरिकेत शिकून आलेले लोक मराठवाड्यात काळ्यांच्या साहित्याविषयी बोलत-लिहीत होते, जनार्दन वाघमारे यांनी मराठीत त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलं. दया नको, हक्क हवा, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवली. भल्या माणसांवर इतकं लिहिताना जोतीरावांची ही अर्पणपत्रिका मला सारखी समोर दिसते. त्यांचे सदाचारी आणि केंटकीचा शेल्बी यांच्यात फरक कुठे पडतो? शेल्बीला हळहळ होती, पण त्याने स्वतःचं काही पणाला लावलं नाही. जोतीरावांनी दखल घेतली ती ज्यांनी काही मोजलं त्यांची.

हाच प्रश्न लेखकांनाही विचारायला हवा, तेही भलेच होते. स्टोबाईंनी आपल्या सर्वांत स्वाभिमानी पात्राला, जॉर्ज हॅरिसला, शेवटी आफ्रिकेत लायबेरियाला पाठवून दिलं. मुक्त काळा माणूस अमेरिकेत ताठ मानेने राहील असं त्यांनाही कल्पिता आलं नाही. सिंक्लेअर लिथुएनियन मजुराच्या घामाचा थेंब न्‌ थेंब मोजतो, पण संप फोडायला आणलेल्या काळ्या मजुरांचं त्याने केलेलं वर्णन आज वाचवत नाही. त्यांनाही पोट होतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि स्टाइनबेक? त्याला मजूर छावण्यांतली बारीकसारीक माहिती दिली सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्सने. कॉलिन्सच्या हाताखाली सनोरा बॅब नावाची तरुण लेखिका काम करत होती, स्वतः ओक्लाहोमाची, दुष्काळ अंगावर काढलेली. तिची टिपणं कॉलिन्समार्फत स्टाइनबेककडे गेली. तिचीही कादंबरी तयार होत होती. १९३९ मध्ये प्रकाशकाने ती मागे ठेवली, कारण याच विषयावरचं पुस्तक बाजारात धूमधडाक्यात खपत होतं. ‘हूज नेम्स आर अननोन’ अखेर २००४ मध्ये छापली गेली, बॅबबाई नव्वदी उलटल्यावर. कुणी दुष्टपणा केला? मला तरी कोणी सापडत नाही.

याच स्टाइनबेकने १९३६च्या आपल्या वृत्तपत्रीय लेखांत मेक्सिकन आणि फिलिपिनो शेतमजुरांवर लिहिलं होतं. कॅलिफोर्नियाची शेती त्यांच्या पाठीवर उभी होती हे तो जाणून होता. कादंबरीत ते एक-दोन वाक्यांत उरकले. गोऱ्या वाचकाला गोरं कुटुंबच आपलं वाटेल, हा हिशेब त्याने जाणूनबुजून केला की नकळत, मी सांगू शकत नाही. पण तो हिशेब तिथे आहे.

कादंबरीत एकच जागा आहे जिथे जोड कुटुंबाला माणसासारखं वागवलं जातं, ती म्हणजे वीडपॅचची सरकारी छावणी. गरम पाणी, संडास, आठवड्याला एक डॉलर, नसेल तर त्याबदली काम. कारभार छावणीतल्या लोकांनी निवडलेल्या समित्यांकडे, आणि वॉरंटाशिवाय पोलिसाला आत पाऊल टाकता येत नाही. व्यवस्थापक सज्जन आहे, आईच्या चुलीपाशी बसून तिच्या हातची कॉफी पितो. तरीही तिथे जीव भांड्यात पडतो तो त्याच्या सज्जनपणामुळे नव्हे, त्या वॉरंटाच्या नियमामुळे. उद्या व्यवस्थापक बदलला तरी नियम राहणार असतो.

बाहेर मात्र तसा नियम नव्हता. १९३५ मध्ये अमेरिकेत मजुरांना संघटना करण्याचा हक्क देणारा मोठा कायदा झाला. करणारे रूझवेल्टच्या काळातले, गरिबांची कणव असलेले लोक. त्या कायद्यातून दोन तऱ्हेचे कामगार वगळले गेले, शेतमजूर आणि घरगडी. म्हणजे पीच तोडणारा जोडांचा मुलगा टॉम बाहेर, आणि डाल्टनची गाडी चालवणारा बिगर थॉमसही बाहेर. १९६५ मध्ये फिलिपिनो द्राक्षतोडणी मजुरांनी डेलानोत काम बंद केलं आणि काही दिवसांत मेक्सिकन मजूर त्यांच्यासोबत आले. डेलानो कर्न परगण्यातच आहे. संप पाच वर्षं चालला. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना संघटनेचा कायदेशीर हक्क १९७५ मध्ये मिळाला, आणि त्यासाठी उभी राहिलेली चळवळ ज्यांनी सुरू केली ते याच माणसांचे भाऊबंद होते, ज्यांना स्टाइनबेकच्या कादंबरीत जागा मिळाली नव्हती.